वार लावण्याची रीत

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)



शताब्दीच्या व्याख्यानांत ग्रंथांचा महिमा, थोर देणगीदारांचे स्मरण आणि मराठी भाषेच्या भवितव्याची चिंता हे तीन विषय ठरलेलेच असतात, आणि ते उचितही आहे. आजचा विषय या तिन्हींच्या कडेने जाणारा आहे. ज्या सभासदांचे पाऊल वयोमानाने आता ग्रंथालयाच्या पायरीला लागत नाही, त्यांच्याविषयीचा आणि त्यांना घरी सांभाळणाऱ्या माणसांविषयीचा हा विषय आहे. समाजाने त्यांना साह्य करावे हे तर सर्वांनाच मान्य असते. ते साह्य टिकते कसे आणि विरते का, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

मराठी समाजात एके काळी वार लावून जेवण्याची रीत होती. पुण्यात, वाईला, नाशिकला, किंबहुना जेथे जेथे शाळा अथवा पाठशाळा होती तेथे गरीब विद्यार्थी येऊन पोचला की त्याची पहिली धडपड सात घरे मिळविण्याची असे. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे, असे सात वार लागले म्हणजे पोटाची चिंता मिटे. माधुकरीहून ही रीत निराळी होती. माधुकरीत झोळी घेऊन रोज दारोदार फिरावे लागे. वारात घर ठरलेले, दिवस ठरलेला, आणि त्या दिवशी त्या मुलाचे पान घरच्या बाईच्या हिशेबात आधीच धरलेले असे. गुरुवारचा मुलगा गुरुवारी आला नाही, तर तो आजारी तर नाही ना, अशी चौकशी होई. कोणा एका घरावर सारा भार पडत नसे आणि भार पडत नसल्यामुळेच ती घरे वर्षानुवर्षे तो वार चालवीत.

या रीतीचे गोडवे गाताना तिच्यातील कमीपणा झाकण्याचे कारण नाही. ती बहुतांशी जातीच्या कुंपणातच चालली. कोठे प्रेमाने वाढले जाई, कोठे शिळ्यापाक्यावर आणि टोमण्यांवर भागवावे लागे. अनेकांच्या आत्मचरित्रांत दोन्ही प्रकारची घरे भेटतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले आणि पुढे घरोघरच्या मूठभर धान्यावर आपल्या संस्था उभ्या केल्या, तेव्हा त्यांनी मदतीची ही जुनी वाटणी ठेवली आणि कुंपण मात्र मोडले. घ्यावयाचे ते याच स्वरूपात घ्यावयाचे.

आज गरज उलटी झाली आहे. विद्यार्थ्यांना वसतिगृहे आहेत, खानावळी आहेत. वाराची गरज आता वाढणाऱ्यांच्या पिढीला लागली आहे.

बृहन्महाराष्ट्रातील गावांत हे चित्र अधिक ठळक दिसते. बडोद्याचेच पाहावे. गायकवाडांच्या बरोबर आणि त्यांच्या मागून आलेली घराणी येथे सात-सात, आठ-आठ पिढ्या नांदली. दांडिया बाजार आणि रावपुऱ्याच्या वाड्यांतून एके काळी मराठीखेरीज दुसरी भाषा क्वचितच कानी पडे. पुढे रिफायनरी आणि मोठमोठे रासायनिक कारखाने आले, त्यांच्या नोकऱ्यांनी एक पिढी येथेच राहिली. तिची मुले मात्र पुणे, बंगळूर, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथे गेली. वाडे पडले, त्यांच्या जागी सदनिका आल्या. शेजार बदलला, वाड्यातील ज्या चौकात कोणी दोन दिवस दिसले नाही तर हाक मारली जाई, तो चौकच उरला नाही. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील जुन्या मराठी वस्त्यांतून फिरणाऱ्यासही हीच कथा थोड्याफार फरकाने ऐकावयास मिळते.

देशाचे आकडे सर्वपरिचित आहेत. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील माणसे १० कोटी ३८ लाख होती, आणि त्यांत पुरुषांहून स्त्रिया अधिक होत्या. एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीच्या आधाराने २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढील सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. परंतु अशा आकड्यांनी मन दडपते आणि हात हलत नाहीत. त्यापेक्षा एका गावाचा, एका आठवड्याचा अनुभव अधिक शिकवून जातो. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, बडोद्याच्या अनेक वसाहती पाण्याखाली गेल्या, वीज गेली आणि सुटकेसाठी लष्कराला पाचारण करावे लागले. त्या दिवसांत मदत करणाऱ्या हातांची वाण नव्हती. अशा वेळी अडते ते दुसऱ्याच ठिकाणी: कोणत्या घरात कोण एकटे आहे, कोणाला जिना उतरता येत नाही, कोणाचे इन्सुलिन शीतपेटीत आहे आणि वीज गेल्यामुळे ते वाया जाणार आहे, हे सांगणारी वही कोणापाशी असते? २०२० च्या टाळेबंदीतही हाच प्रश्न गावोगाव उभा राहिला होता. संकटाच्या दिवशी अशी वही लिहावयास बसता येत नाही. ती आधीच्या साध्यासुध्या आठवड्यांत लिहिली गेलेली असावी लागते.

आता या साऱ्याचा ग्रंथालयाशी काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. बडोद्याच्या इतिहासातच त्याचे उत्तर आहे. सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात करून १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केल्यावर सयाजीराव महाराजांपुढे प्रश्न आला, की शिकलेला माणूस पुढे वाचणार काय? १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञास पाचारण केले. बॉर्डन तीन वर्षे राहून परतले. पुढे जनार्दन कुडाळकर प्रभृतींनी ते कार्य चालविले आणि कुडाळकरांनी १९१९ मध्ये त्याचा वृत्तांत इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्या योजनेतील दोन गोष्टी आजच्या विषयाला जवळच्या आहेत. पहिली म्हणजे फिरती ग्रंथालये. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जात. वाचकाने ग्रंथालयापर्यंत यावे अशी अट नव्हती, ग्रंथालयच त्याच्या गावी जाई आणि ने-आणीचा खर्च संस्थान सोशी. दुसरी म्हणजे खर्चाची वाटणी. गावाने ग्रंथालयासाठी जेवढी रक्कम उभी करावी तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा तो नियम होता. गावाने आपला तिसरा हिस्सा घातल्याखेरीज बाकीचे दोन हिस्से मिळत नसत. लोकांचा हात लागल्याशिवाय संस्था लोकांची होत नाही, हे त्या राजाने ओळखले होते.

मुंबईत त्याच सुमारास, १९११ मध्ये, ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, वाचनालये, फिरती ग्रंथालये आणि गिरणी कामगारांच्या वस्तीतील सेवाकार्य ही त्या संस्थेची कामे एकाच छपराखाली चालत. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानड्यांनी मध्यमवर्गीय विधवांना रुग्णपरिचर्येच्या शिक्षणाला धाडण्याचे धाडस केले, तेही याच काळात. पुस्तक देणे आणि माणसाला आधार देणे ही दोन वेगळ्या खात्यांची कामे आहेत, असे त्या पिढीला वाटत नव्हते. ते खाते मागाहून वेगळे झाले. का झाले हा स्वतंत्र विषय आहे.

तेव्हा साह्य कसे टिकते या मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे. त्याचे आपल्या देशातील सर्वांत अभ्यासण्याजोगे उत्तर केरळात मिळते. १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात काही डॉक्टरांनी आणि त्यांच्या स्नेह्यांनी असाध्य रोगाच्या वेदना शमविण्यासाठी एक संस्था स्थापन केली. डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार ही त्यातील दोन सर्वश्रुत नावे. बाह्यरुग्ण विभाग चालू झाला, गर्दी होऊ लागली. पण ध्यानात असे आले, की ज्यांना या उपचाराची खरी गरज आहे ते रुग्णालयापर्यंत पोचूच शकत नाहीत. आणि जे पोचतात त्यांचेही दुःख केवळ शरीराचे नसते. घरातील मिळवता माणूस अंथरुणाला खिळला की चूल थंडावते, मुलांची शाळा सुटते, पाहुणेरावळे येईनासे होतात. यांपैकी कशावरही डॉक्टरांच्या पेटीत औषध नाही. शेजाऱ्यांपाशी मात्र असू शकते.

या विचारातून २००१ मध्ये मलप्पुरम आणि आसपासच्या भागांत शेजाऱ्यांचे जाळे विणले गेले. त्याची कार्यपद्धती अत्यंत साधी आहे. ज्याला आठवड्यातून किमान दोन तास देता येतील त्याने नाव नोंदवावे. त्याला सोळा तासांचे वर्ग आणि चार दिवस प्रत्यक्ष रुग्णांच्या घरी जाणकारांच्या देखरेखीखाली अनुभव, एवढे शिक्षण द्यावे. असे दहा-पंधरा जण तयार झाले की त्यांनी आपल्या भागातील अंथरुणाला खिळलेल्या आणि दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसांचा शोध घ्यावा, त्यांच्याकडे नेमाने जावे, आणि त्यांच्या मागे प्रशिक्षित परिचारिका व डॉक्टर उभे असावेत. आरंभ कर्करोगाच्या रुग्णांपासून झाला, पण लवकरच अर्धांगवायू झालेले, वार्धक्याने हिंडणे-फिरणे थांबलेले असे सर्वच त्यात आले. कोणाच्या घरी तांदूळ पोचवावयाचे, कोणाच्या मुलाची फी भरावयाची, कोणाला वाहनातून दवाखान्यात न्यावयाचे, हे सारे त्या दहा-पंधरांनीच ठरवावयाचे. पैसा बहुतांशी गावातल्या गावात, लहान लहान देणग्यांतून उभा राहिला. लोकांनी आधी चालवून दाखविल्यावर २००८ मध्ये केरळ सरकारने या सेवेचे धोरण जाहीर केले आणि पुढे ग्रामपंचायतींच्या पातळीवर घरी जाणाऱ्या परिचारिका नेमल्या गेल्या. सयाजीरावांच्या तीन हिश्श्यांची आठवण येथे कोणालाही होईल.

केरळचे सारेच येथे रुजेल असे मानणे भोळेपणाचे ठरेल. तेथील दाट वस्ती, राजकीय पक्षांच्या आणि धार्मिक संस्थांच्या गावोगाव असलेल्या शाखा, वाचनालयांचे जाळे, परिचारिकांची मुबलकता ही पार्श्वभूमी इतरत्र नाही. शिवाय मलप्पुरमचा शेजारी रुग्णापासून चालत पोचण्याइतका जवळ असतो. बडोद्यासारख्या शहरात मांजलपूरहून कारेलीबागेत जावयाचे म्हणजे सायंकाळ त्यातच जाते. तरी त्या पद्धतीतील दोन तासांची अट कोठेही लागू पडते. ‘जमेल तेव्हा येईन’ असे म्हणणाऱ्या शंभरांपेक्षा ‘मंगळवारी चार ते सहा’ म्हणणारे दहा जण अधिक उपयोगी, हे त्यांनी अनुभवाने ठरविले. वार लावण्याची रीत ती हीच.

याउलट जे चालते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. वाढदिवस, पुण्यतिथी, दिवाळीचा आठवडा आला की वृद्धाश्रमांत फळवाटपाची रीघ लागते. एका सकाळी तीन मंडळांची केळी येतात, छायाचित्रे निघतात, आणि पुढचे दोन महिने त्या दारावरून कोणी फिरकत नाही. देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण केळ्यांना वार नसतो. संस्थांचे महत्त्वही येथे कमी लेखावयाचे नाही. पुण्यातील ‘निवारा’ची परंपरा १८६३ पर्यंत, डेव्हिड ससून यांच्या दानापर्यंत मागे जाते, आणि ज्यांना घरच नाही त्यांना अशा छपराला पर्याय नाही. परंतु बहुसंख्य वृद्ध आपल्या घरीच आहेत व घरीच राहू इच्छितात, आणि त्यांच्यासाठी करावयाच्या कामाला इमारत लागत नाही. कोनशिला बसवावयास जागा नसल्यामुळेच कदाचित त्या कामाला देणगीदार लवकर मिळत नाहीत.

जपानात या प्रश्नाला दिलेले एक निराळे उत्तर येथे नोंदविण्याजोगे आहे. तेथे १९९० च्या दशकात सेवेच्या तासांची बँक चालविणाऱ्या अनेक संस्था निघाल्या. एखाद्याने आपल्या गावातील वृद्धासाठी दिलेले तास त्याच्या नावावर जमा होतात. ते त्याने स्वतःच्या उतारवयासाठी राखून ठेवावेत, किंवा दूरच्या गावी एकट्या राहणाऱ्या आपल्या आईसाठी तेथील सेवकाकडून खर्ची घालावेत. विखुरलेल्या मराठी कुटुंबांना ही कल्पना मोह घालणारी आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या बडोदेकराने पुण्यातील कोणा आजोबांना दवाखान्यात न्यावे आणि त्याच्या मोबदल्यात बडोद्यात त्याच्या आईकडे कोणी जावे! पण तासांचा हिशेब आला की हिशेबाची भांडणेही येतात, आणि बँक चालविणारी संस्था वीस-तीस वर्षे टिकेल याची हमी कोण देणार? ज्यांना दुसऱ्यासाठी एकही तास देण्याचे त्राण उरलेले नाही, असे आजच्या घटकेचे वृद्ध तर या हिशेबात बसतच नाहीत. तेव्हा हा प्रयोग दुरूनच पाहावा हे बरे.

कायद्याने काही दिले आहे, तेही सेवकास ठाऊक हवे. माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ मध्ये झाला. त्यानुसार निर्वाह न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो; त्या माणसाला स्वतः करणे शक्य नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्थाही तो करू शकते. मूळ कायद्यात निर्वाहाची मर्यादा महिना दहा हजार रुपये ठेवलेली आहे. सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावे करून दिलेले घर, अट न पाळल्यास परत मिळविण्याची तरतूदही त्यात आहे. सत्तर वर्षांवरील ग्राहकांना बँकेची मूलभूत सेवा घरी द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना कळविले. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला २०१४ पासून अंगठ्याच्या ठशाने घरबसल्या देण्याची सोय झाली. आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळू लागले. सोयी आहेत; त्या वापरून घेण्यासाठी शेजारी बसून अर्ज भरणारे कोणी नाही. नोव्हेंबर महिन्यात बँकेच्या पायऱ्यांवर धाप लागून बसलेली माणसे पाहिली की कागदावरील सोय आणि प्रत्यक्ष सोय यांतील अंतर कळते. न्यायाधिकरण पैसा देववू शकते. सोबत देववू शकत नाही.

येथवर सांगितलेले काम कोणतेही सेवाभावी मंडळ करील. मराठी ग्रंथालयाने ते का करावे, याला एक कारण आहे आणि ते भाषेचे आहे.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या भाषा अनेकदा शिकल्याच्या उलट क्रमाने गळत जातात. ज्यांनी चाळीस वर्षे कचेरीत इंग्रजी आणि बाजारात गुजराती सफाईने वापरली, ते बालपणीच्या मराठीकडे परततात. तीही कधी कोकणातल्या, कधी वऱ्हाडातल्या आजोळच्या वळणाची. मुलगा दूर, सून नोकरीत, आणि दिवसभर सांभाळावयास ठेवलेली बाई गुजराती अथवा हिंदी बोलणारी. ती बहुधा मायाळूच असते. परंतु म्हातारी म्हणते, ‘घेरी आली’. गुजरातीत ‘घेरी’ म्हणजे गडद, गहिरी. बाईला वाटते, आजी काही रंगाविषयी बोलताहेत. ‘पायात गोळे आलेत’, ‘पोटात कालवतंय’, ‘जीव घाबरा झालाय’ ही दुखण्याची मराठी तिच्या कानाला अर्थहीन असते. दुखणे सांगूनही पोचत नाही, मग चिडचीड होते, आणि त्या चिडचिडीचे नाव ‘आजी फार त्रास देतात’ असे पडते. आठवड्यातून दोन तास मराठी बोलणारे माणूस त्या खोलीत आले, तर औषधाहून निराळे असे काही घडते. ओवी, आरती, लहानपणीच्या कवितेची चाल यांना प्रतिसाद देणारी माणसे स्वतःच्या मुलांची नावेही विसरलेली असतात, हे अशा घरांत वावरणाऱ्यांस ठाऊक आहे.

मोठ्याने वाचून दाखविणे ही या कामातील मध्यवर्ती गोष्ट होऊ शकते. मोतिबिंदू, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार यांमुळे वाचन थांबलेले वाचक सर्वच ग्रंथालयांत असतात. ध्वनिमुद्रित पुस्तके आता मराठीत पुष्कळ आहेत, त्यांचा उपयोगही करावा. पण यंत्र मध्येच थांबून ‘मग तुमच्या वेळी कसे होते?’ असे विचारीत नाही. वाचणाऱ्याने उत्तम वाचले पाहिजे असेही नाही. अडखळत वाचणाऱ्या, गुजराती माध्यमात शिकलेल्या नातवंडांच्या वयाच्या मुलांना म्हाताऱ्यांनी उच्चार सुधारून द्यावेत, हा व्यवहार दोन्ही बाजूंना मानवतो. कारण त्यात म्हातारा केवळ घेणारा राहत नाही. केरळात तेथील ग्रंथालय परिषदेने स्त्रिया आणि वृद्ध यांच्या घरी पुस्तके पोचविण्याची योजनाच चालविली आहे. बडोद्याच्या पेटीची ही नातेवाईकच म्हणावयाची.

या साऱ्यात घरातील एक माणूस नेहमी नजरेआड राहते. ती सून असते, न लग्न झालेली मुलगी असते, पुष्कळदा स्वतःच सत्तरीला आलेली पत्नी असते. रात्री तीनदा उठणे, अंथरूण बदलणे, तोच प्रश्न पन्नासदा ऐकून पन्नासदा उत्तर देणे हे तिने वर्षानुवर्षे करावयाचे, आणि भेटीस येणाऱ्याने ‘काय म्हणताहेत आबा?’ असे विचारून आबांपाशी बसावयाचे. तिला कोणी ‘तुम्ही जेवलात का?’ असे विचारीत नाही. वाराचा माणूस त्या घरी गेला तर त्याचा पहिला उपयोग तिला. त्या दोन तासांत तिने बँकेत जावे, देवळात जावे, झोपावे, की नुसते सूरसागराच्या काठी जाऊन बसावे, हे तिचे तिने ठरवावे. कोणी त्याचा जाब विचारू नये. मराठी घरांत असे दोन तास मागण्याची लाज वाटते, म्हणून ते मागितल्यावर द्यावयाचे नसून आधी जाऊन विचारावयाचे असतात. आणि पहिल्या खेपेस ‘छे, छे, काही गरज नाही’ असेच उत्तर मिळणार, हे धरून चालावे.

सेवकांनी पाळावयाची काही पथ्ये आहेत. पहिले काही आठवडे दोघांनी मिळून जावे. किल्ल्या, पासबुक, दागिने यांना हात लावू नये. भ्रमणध्वनीवर आलेला गुप्त क्रमांक विचारू नये आणि कोणाला सांगूही देऊ नये. फसविणारे आता दूरध्वनीवरूनच घरात शिरतात, तेव्हा त्याविषयी सावध करणे हेही त्या भेटीचे काम आहे. मृत्युपत्रावर साक्षीदार होण्याचे टाळावे. औषधांत बदल सुचवू नये, परिचारिकेस कळवावे. आणि सर्वांत अवघड पथ्य म्हणजे एका घरात ऐकलेले दुसऱ्या घरी न बोलणे. मराठी समाज येथे लहान. प्रत्येकजण कोणाचा तरी व्याही, कोणाचा तरी भाचा. ‘अमक्यांची सून सासूला कशी वागविते’ हे एकदा गणेशोत्सवाच्या मंडपात पोचले, की त्या घराचे दार सेवकाला कायमचे बंद झाले असे समजावे. सोळा तासांच्या शिक्षणातील चार तास या एका गोष्टीला दिले तरी ते वाया जाणार नाहीत.

ग्रंथालयापाशी या कामाला लागणाऱ्या गोष्टी आधीच आहेत. नोंदवही ठेवण्याची सवय आहे, ठरल्या तारखेस वस्तू परत येण्याची शिस्त आहे, आणि दारावर टकटक करणाऱ्यास ‘ग्रंथालयातून आलो’ एवढे सांगता येण्याइतकी पत शंभर वर्षांनी मिळवून दिली आहे. वृद्धांना ‘मदत’ हा शब्द बोचतो. ‘तुमचे पुस्तक आणले आहे’ हे वाक्य बोचत नाही. उणीव आहे ती दोन ठिकाणी. जुन्या ग्रंथालयांचे वाचनकक्ष पुष्कळदा उंच जिन्यावर असतात, आणि तो जिना चढणे थांबले की वाचक हळूहळू नियमांच्या कचाट्यात सापडतो. पुस्तक वेळेवर परत येत नाही, दंड चढतो, वर्गणी थकते, दोन स्मरणपत्रे जातात आणि नाव पटावरून कमी होते. नियमाप्रमाणे ते बरोबरच असते. पण तीस-चाळीस वर्षे दर आठवड्याला दोन पुस्तके नेणारे माणूस अकस्मात यावयाचे थांबले, याची चौकशी करण्याचा नियम कोणत्याही घटनेत नसतो.

दुसरी उणीव पैशाची, आणि ती वाटते तेवढी मोठी नाही. सेवक विनामूल्य येतील. परिचारिकेला मात्र मानधन दिलेच पाहिजे, कारण नेमाने येणाऱ्या जाणकार माणसावाचून ही योजना सदिच्छांची होऊन बसते. आठवड्यातून दोन दिवसांचे मानधन, रिक्षाभाडे, मोठ्या टायपातील काही पुस्तके आणि एक जाडजूड वही, एवढा आरंभीचा खर्च. शताब्दी निधीतून ग्रंथालयाने एक हिस्सा घालावा, सभासदांनी दरमहा लहानशा रकमांनी दुसरा उभा करावा, आणि ज्यांची आईवडिले येथे आहेत अशा परगावच्या व परदेशच्या मुलांना तिसरा मागावा. बडोद्यात ही वाटणी नवी नाही.

आरंभ दहा घरांपासून करावा, शंभरांपासून नव्हे. सेवक वीस लागतील, कारण लग्नसराई, आजारपण, परीक्षा यांत निम्मे गळतात. वहीत रकाने थोडे असावेत: नाव, जिना किती पायऱ्यांचा, घरात आणखी कोण, कोणते औषध चुकता कामा नये, रात्री-अपरात्री कोणाला कळवावयाचे, काय वाचावयास आवडते, आणि वार कोणाचा. पुराच्या दिवशी हीच वही आधी उघडली जाईल. त्या दहा घरांचा शोध घेण्यासाठी पाहणी करीत बसण्याचे कारण नाही. गेल्या तीन वर्षांत वर्गणी थकल्यामुळे पटावरून कमी झालेल्या सभासदांची यादी पत्त्यांसह ग्रंथपालांच्या कपाटात आहे.